ओल्याचा विरुद्धार्थी काय? आधी सांगा, काय ओलं आहे

भाचा पाचवीत आहे आणि नवोदयच्या परीक्षेला बसतोय. ताईचं घर खेड शिवापूरच्या बाजूला, त्यामुळे दर शनिवारी ऑफिस सुटलं की मी कात्रजवरून बस पकडते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याच्यासोबत बसते. गणित आणि बुद्धिमत्ता त्याचे पप्पा घेतात, भाषा माझ्याकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिच्या सहावीच्या प्रवेशासाठी एकच पेपर असतो, दोन तासांचा, ८० प्रश्न आणि १०० मार्क. त्यातले २० प्रश्न भाषेचे, म्हणजे २५ मार्क. चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला आहे, सहावीला फार तर ८० मुलं घेतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात, म्हणून ताईला खूप आशा आहे आणि मलाही आहे.

तर गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा हा तोंड पाडून बसलेला. तो ज्या क्लासला जातो तिथे विरुद्धार्थी शब्दांची टेस्ट झाली होती, वीसपैकी बारा. पेपर बघितला तर "ओला" समोर त्याने "कोरडा" लिहिलं होतं आणि त्यावर लाल पेनाने काट, बाजूला "सुका" लिहिलेलं. तो म्हणाला, "मावशी, पण कोरडा चुकीचं कसं गं?" मला खरंच राग आला. त्यांच्या गाईडमध्ये चारशेच्या वर जोड्या आहेत, एका शब्दासमोर एकच शब्द, आणि मुलांनी त्या तशाच्या तशा घोकायच्या, वेगळं लिहिलं की शून्य.

आता बघा ना, घरात आपण काय बोलतो. ओलं खोबरं आणि सुकं खोबरं. ओला कचरा आणि सुका कचरा, पुण्यात तर रोज सकाळी दारात हे दोन शब्द ऐकू येतातच. पण ओले कपडे असतील तर ते वाळलेले होतात, दोरीवरचे कपडे सुके झाले असं ताई कधी म्हणत नाही. जमीन ओली नसेल तर ती कोरडी. आणि ओला दुष्काळ म्हणजे पावसाने पीक सडून जातं तो, त्याच्या उलट कोरडा दुष्काळ. म्हणजे पोरगं बरोबरच होतं, फक्त त्याच्या डोळ्यासमोर शेत होतं आणि गाईडवाल्याच्या डोळ्यासमोर बहुतेक खोबरं असावं. एकट्या शब्दाला विरुद्धार्थी नसतोच असं माझं आता पक्कं मत झालंय, तो शब्द कशाला चिकटलाय ते कळलं की मगच त्याचा विरुद्धार्थी सापडतो.

आणि नवोदयला भाषेचे प्रश्न उताऱ्यावरच असतात! शब्दाचा अर्थ विचारला तरी तो शब्द आधी एखाद्या वाक्यात येऊन गेलेला असतो. मग सुट्या जोड्या पाठ करून काय मिळणार?

म्हणून मी गाईड कपाटात ठेवून दिलं आणि आम्ही एक वही केली. त्यात शब्द नाही लिहायचा, दोन शब्द लिहायचे. पहिल्या दिवशी "कडक" घेतला. कडक भाकरी, तर उलट मऊ भाकरी. कडक चहा, पाणचट चहा (हा आजीने पडवीतून ओरडून सांगितला). कडक शिस्त, ढिली शिस्त. कडक सर, प्रेमळ सर. मग तो बराच वेळ पेन तोंडात धरून बसला आणि म्हणाला, कडक ऊन, कोवळं ऊन. मी त्याला जवळ घेतलं, कारण हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, हिवाळ्यात आजी रोज सकाळी त्याला कोवळ्या उन्हात बस म्हणते तिथून ते आलं होतं.

अशीच "पातळ"ची पण मजा आली. पातळ आमटी असेल तर घट्ट आमटी, पातळ कागद असेल तर जाड कागद. "मोठा"चं तसंच, मोठं घर तर लहान घर, पण मोठा भाऊ असेल तर धाकटा भाऊ. "उत्तर" तर सगळ्यांना माहितीये, प्रश्न पण आणि दक्षिण पण.

उपसर्गांसाठी वेगळा वेळ दिला, कारण तिथे मात्र नियम कळला की एकदम पन्नास शब्द हाताला लागतात. व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दाला अ लागतो, शक्य अशक्य, न्याय अन्याय. स्वराने सुरू होणाऱ्याला अन् लागतो, आदर अनादर, इच्छा अनिच्छा, उत्तीर्ण अनुत्तीर्ण. सुगंध दुर्गंध, साक्षर निरक्षर, सजीव निर्जीव, यश अपयश, अनुकूल प्रतिकूल. हजर, पसंत हे फारसी-अरबीकडून आलेले शब्द, त्यांना गैर नाहीतर ना लागतं, गैरहजर, नापसंत. हे सांगितल्यावर त्याने मला विचारलं की मग अभ्यासाच्या उलट भ्यास का नाही. चांगला प्रश्न आहे! सुरुवातीला अ दिसला म्हणजे तो नकाराचाच असेल असं नाही, अभ्यासातला "अभि" हा वेगळाच उपसर्ग आहे. आणि "अमूल्य"ला तर मुलं हमखास फसतात, अ बघून त्यांना वाटतं किंमत नसलेलं, पण अमूल्य म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही इतकं मोलाचं, त्याच्या उलट कवडीमोल. कृतज्ञ आणि कृतघ्नमध्ये एकाच अक्षराचा फरक, ज्ञ म्हणजे जाणणारा आणि घ्न म्हणजे नाश करणारा, केलेले उपकार जाणतो तो आणि ते मातीत घालतो तो. एवढं सांगितल्यावर पुन्हा चुकला नाही.

एक अडचण मात्र अजून आहे. घाई. त्याला शब्द ओळखीचा दिसला की आनंद होतो आणि तो पर्यायातला समानार्थी शब्द निवडून मोकळा होतो. मी एक उतारा लिहिला होता शिवगंगा नदीवर, त्यात वाक्य होतं "उन्हाळ्यात नदीचं पात्र उथळ होतं", प्रश्न उथळच्या विरुद्धार्थीचा, पर्याय रुंद, खोल, गढूळ, कमी खोल. याने "कमी खोल"वर खूण केली. विचारलं तर म्हणे "अगं मावशी, मला वाटलं अर्थ विचारलाय". आता आम्ही प्रश्नातल्या "विरुद्धार्थी" किंवा "समानार्थी" या शब्दाखाली आधी पेन्सिलने रेघ मारतो, मगच पर्याय वाचायचे. उत्तर सापडलं की ते परत उताऱ्यातल्या वाक्यात घालून वाचायचं, वाक्याचा अर्थ उलटला तर बरोबर. भाषेसाठी साधारण अर्धा तास मिळतो, चार उतारे, त्यामुळे एवढं करायला वेळ पुरतो, मी घड्याळ लावून बघितलंय.

परवा रविवारी ताई भाजीसाठी भेंड्या निवडत होती. प्रत्येक भेंडीचं टोक बोटाने मोडून बघायची, कट्कन मोडलं तर ताटात, नुसतं वाकलं तर म्हशीच्या पाटीत. हा शेजारी बसून बघत होता. मग वाकलेली एक भेंडी उचलून माझ्याकडे घेऊन आला आणि विचारलं, "मावशी, कोवळ्या उन्हाच्या उलट कडक ऊन ना, मग कोवळ्या भेंडीच्या उलट पण कडक भेंडी?" मी काही बोलायच्या आत ताई आतून म्हणाली, "जून म्हणतात रे तिला, जून भेंडी."

तो पळत वही आणायला गेला.