अ‍ॅलमेडाचं पिनबॉल म्युझियम: रिले, घंटा आणि आवडतं यंत्र निवडण्याची रीत

सॅन फ्रान्सिस्कोहून खाडीपलीकडे, ओकलंडला अगदी खेटून अ‍ॅलमेडा नावाचं बेट आहे. तिथल्या वेबस्टर स्ट्रीटवर पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या बोर्डावर चेंडू फटकावत, तो खाली जाऊ न देता गुण मिळवायचं यंत्र. बे एरियात, म्हणजे या खाडीभोवतीच्या शहरांत, आईवडील किंवा मामा-मावशी येऊन राहिले, गोल्डन गेट आणि नापा बघून झालं, की 'आता यांना कुठे न्यायचं' हा प्रश्न घरोघरी पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. या वेळी पुण्याहून आलेले मामा, बायको, शाळकरी मुलगी आणि मी असे चौघं गेलो. जाण्याआधीच ठरवलं होतं, की बाहेर पडताना प्रत्येकाने आपलं एकच आवडतं यंत्र सांगायचं आणि तेसुद्धा फक्त जुन्या, इलेक्ट्रो-मेकॅनिकल यंत्रांमधलं.

इलेक्ट्रो-मेकॅनिकल म्हणजे मायक्रोप्रोसेसर यायच्या आधीची. वीज आहे, पण चिप नाही. सगळा हिशोब रिले (विजेने उघडमीट होणारी कळ), कॉइल, पितळी कॉन्टॅक्ट आणि एका फिरत्या मोटरवर चालतो. १९७७ च्या सुमाराला गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या शिकागोच्या तिन्ही मोठ्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांकडे वळल्या आणि दोनेक वर्षांत हा प्रकार संपला. नवी यंत्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यावर पडदे, संवाद, मोहिमा असं इतकं काही चाललेलं असतं की चेंडूकडे लक्षच राहत नाही. जुन्या यंत्रात चेंडू, तुमचे दोन हात आणि घंटा एवढंच असतं. मला तेच जास्त भावतं.

जायचं कसं ते आधी सांगतो. गाडी असेल तर आय-८८० महामार्गावरून ओकलंडला उतरायचं आणि वेबस्टर ट्यूब या बोगद्यातून जायचं. बाहेर पडलं की तोच रस्ता पुढे वेबस्टर स्ट्रीट होतो. रस्त्यावरच्या पार्किंगला मीटर आहेत आणि वेळेची मर्यादा असते, त्यामुळे आजूबाजूच्या गल्ल्यांमधल्या पाट्या नीट वाचून गाडी लावा. खेळता खेळता दर तासाला मीटरकडे पळायला लागलं तर सगळी मजा जाते. बार्ट रेल्वेने आलात तर ओकलंडच्या बारावा रस्ता स्टेशनावर उतरून ५१ए बस घ्या, ती वेबस्टर स्ट्रीटवरून जाते. सॅन फ्रान्सिस्कोहून अ‍ॅलमेडाची फेरी बोटही आहे. पाहुणे असतील तर फेरीनेच आणा, खाडी बघून होते; फक्त धक्क्यापासून पुढे बस किंवा टॅक्सी लागते. म्युझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ बघूनच निघा, आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा. वाढदिवसाच्या पार्ट्या असतात, मग आवडत्या यंत्रापाशी रांग लागते.

तिकीट एकदाच. त्यानंतर नाणी घालायची गरज नाही, लाल बटण दाबलं की खेळ सुरू. मधे जेवायला बाहेर जाऊन परत यायचं असेल तर तिकीट काढतानाच तसं विचारून घ्या.

२००२ साली 'लकी जूजू' नावाच्या छोट्या जागेतून मायकेल शीस यांनी याची सुरुवात केली. आता खोल्यांमागून खोल्या आहेत आणि यंत्रं साधारण काळाप्रमाणे लावलेली आहेत. कुठली यंत्रं बाहेर ठेवायची ते बदलत असतं, तेव्हा मी ज्यांची नावं घेईन ती सगळी तुमच्या दिवशी असतीलच असं नाही. तिथे शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्या मोकळ्या यंत्राला भिडतात. तसं करू नका. आधी हात मागे बांधून एक फेरी मारा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची यंत्रं बघा. त्यांना फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू फटकावणारे छोटे हात, नाहीत; नुसते खिळे आणि भोकं. आपल्याकडे जत्रेत मिळणारा खिळ्यांचा, गोट्यांचा बागाटेल ज्यांनी खेळलाय त्यांना हे कुळ लगेच ओळखू येईल. मग १९४७ ची गॉटलीबची 'हम्प्टी डम्प्टी', पहिल्यांदा फ्लिपर आले ते यंत्र. सहा फ्लिपर, तेही दोन्ही कडांना, आणि तोंडं बाहेरच्या बाजूला! दोनच फ्लिपर, तेही खाली, ठेवायची युक्ती लगेच पुढच्या वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी जेन्कोच्या 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये आणली. हे दोन टप्पे डोक्यात ठेवून पुढच्या खोलीत गेलात की प्रत्येक बोर्डाची मांडणी वाचता येऊ लागते.

आमची पाऊण सहल मात्र एका वेगळ्याच यंत्रापाशी गेली. म्युझियमच्या लोकांनी 'व्हिजिबल पिनबॉल' म्हणून एक पारदर्शक यंत्र बनवलं आहे. गॉटलीबच्या १९७६ च्या 'सर्फ चॅम्प'वर ते बेतलंय. पेटीही पारदर्शक, बोर्डही पारदर्शक. मामांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, त्यातली कितीतरी वर्षं स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे रिले आणि फिरत्या स्विचांवर फोन जोडणाऱ्या जुन्या एक्स्चेंजमध्ये. ते या यंत्रापाशी आले, चष्मा वर केला आणि सरळ खाली उकिडवे बसले.

"अरे, हे तर आमच्या एक्स्चेंजमधलंच सगळं!" ते म्हणाले. "हा बघ रिले. आणि हा युनिसिलेक्टर. कॉइल ओढते, दात एक घर पुढे सरकतो, वायपर पुढच्या कॉन्टॅक्टवर बसतो. तू खेळ रे, मी बघतो."

मी वर खेळत होतो आणि मामा खालून सांगत होते. चेंडू बंपरला लागला की खाली काय होतं ते त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. दहा गुणांचं टार्गेट असेल तर एक झटका, एक घंटा, आकड्याचं चाक एक घर पुढे. पण पन्नास गुणांचं लागलं तर यंत्राला एकदम 'पन्नास' मिळवता येत नाहीत. मग स्कोअर मोटर फिरते, तिच्या कॅमवरचे कॉन्टॅक्ट पाच वेळा उघडमीट करतात आणि दहाच्या चाकाला पाच झटके बसतात. टण टण टण टण टण. ती पाच घंटांची ओळ म्हणजे यंत्र तुमच्यासमोर बोटं मोजतं आहे. आणि मोटर फिरत असताना दुसरं काही लागलं तर बऱ्याच यंत्रांत त्याचे गुण वाया जातात, कारण मोजणारा हात गुंतलेला असतो. "व्होल्टेज किती?" मामांनी तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं. चोवीस. "आमच्याकडे पन्नास," मामा म्हणाले, आणि पुढचा बराच वेळ त्या दोघांचं कॉन्टॅक्ट घासायच्या पट्टीवर बोलणं चाललं. मला मधे दुभाष्याचं काम होतं, पण खरं तर फारसं लागलं नाही.

तुम्ही गेलात आणि कुणी स्वयंसेवक एखाद्या यंत्राची काच काढून बोर्ड उचलताना दिसला, तर हातातला खेळ सोडून तिकडे जा. खालची ती शेकडो कापडी वेष्टनाच्या वायरींची वीण आणि ओळीने बसलेले रिले बघितल्याशिवाय परत येऊ नका.

आता खेळण्याबद्दल. जुन्या बोर्डांना उतार कमी असतो, साधारण साडेतीन अंश. नव्या यंत्रांना साडेसहाच्या आसपास असतो. त्यामुळे चेंडू इथे रेंगाळतो, विचार करायला वेळ मिळतो, आणि नव्या यंत्रांवरून आलेल्यांना पहिल्यांदा सगळं संथ वाटतं. पाचसहा चेंडू जाऊ द्या. फ्लिपरही जुने असतात ते दोन इंची; त्यांच्यामधली फट रुंद, जोर बेताचा. तीन इंची फ्लिपर १९६८ च्या सुमाराला आले. दोन इंची फ्लिपरच्या काळात चेंडू वाचवायचा तो धक्क्याने. पेटीला दोन्ही तळव्यांनी धरायचं आणि चेंडू रबराला टेकतो त्याच क्षणी थोडं ढकलायचं. उचलायचं नाही, आपटायचं नाही. पेटीच्या आत एका कड्यात ओळंबा लोंबत असतो. तो कड्याला लागला की टिल्ट, दिवे बंद. बऱ्याच जुन्या यंत्रांत टिल्टने तो चेंडूच नाही तर अख्खा खेळ संपतो. म्हणून नव्या यंत्राशी ओळख होताना आधी हलके धक्के देऊन त्याचा ओळंबा किती नाजूक लावलाय ते जोखून घ्या. हातात अंगठ्या, बांगड्या असतील तर काढून ठेवा. लाकडी कडांची यंत्रं साठ-सत्तर वर्षांची आहेत. आणि प्लंजर, म्हणजे चेंडू खेळात सोडायचा स्प्रिंगचा दांडा! लोक तो पूर्ण ओढून सोडून देतात. या यंत्रांमध्ये पहिला फटका हा निम्मा खेळ आहे. किती ओढला तर चेंडू वर कुठल्या फटीतून उतरतो हे तीनचार वेळा नीट बघा.

न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर गॉटलीबच्या 'बँक शॉट'वर खेळून दाखवलं, आणि चेंडू वरच्या कुठल्या फटीतून जाईल ते आधी सांगून प्लंजर ओढला. तो तिथूनच गेला. हा कौशल्याचा खेळ आहे हे त्या फटक्याने पटलं आणि बंदी उठली. वेबस्टर ट्यूबच्या त्या टोकाला असलेल्या ओकलंडमध्ये तर जुनी बंदी कागदावरून निघायला २०१४ साल उजाडलं. 'फुकट खेळ' बक्षीस देणं काही ठिकाणी बेकायदा होतं, म्हणून १९६० मध्ये गॉटलीबने 'फ्लिपर' नावाच्या यंत्रात खेळाऐवजी जादा चेंडू द्यायला सुरुवात केली. तशी 'अ‍ॅड-अ-बॉल' यंत्रं तिथे दिसली तर आवर्जून खेळा. जिंकलेलं लगेच हातात पडतं, आणि रंगलेला खेळ लांबत जातो.

आवडतं यंत्र निवडायचं कसं? चित्रावर जाऊ नका. यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या वरच्या काचेवरची चित्रं सुंदर आहेत, रॉय पार्कर यांची गॉटलीबसाठी केलेली तर फारच, पण चित्र बघून निवडलेलं यंत्र दुसऱ्या खेळात कंटाळा आणू शकतं. मी दोन गोष्टी बघतो. एक, या यंत्रात करायचं काय आहे ते अर्ध्या मिनिटात समजतं का. आणि दुसरं, चेंडू गेल्यावर 'यंत्राने मारलं' असं वाटतं की 'माझा हात चुकला' असं वाटतं. हात चुकला असं वाटलं तर त्याच यंत्रापाशी थांबा. एकाच यंत्रावर सलग पाचसहा खेळ केल्याशिवाय मत बनवू नका. त्याच नावाचं यंत्र दुसरीकडे अगदी वेगळं वागू शकतं हेही लक्षात असू द्या. रबर, उतार आणि कॉइलचा जोर यांच्यावर सगळं असतं.

मुलीने १९५० चं 'नॉक आऊट' निवडलं. बोर्डावरच छोटं बॉक्सिंगचं रिंगण आहे आणि त्यात दोन मुष्टियोद्धे खरोखर ठोसे देतात. त्या काळी आकड्यांची चाकं नव्हती, वरच्या काचेमागे दिवे लागतात आणि गुण लाखांत मोजले जातात. तिला दहा लाख मिळाल्याचा आनंद मोठा होता. बायकोने बॅलीचं १९७२ चं 'फायरबॉल' घेतलं. टेड झेल यांची रचना: मधोमध फिरती तबकडी, तिच्यावर गेलेला चेंडू कुठे फेकला जाईल सांगता येत नाही, ओडिन आणि वोटान नावाचे दोन अडकवलेले चेंडू सुटले की एकदम तीन चेंडू अंगावर येतात, आणि फ्लिपर एकमेकांना चिकटून मधली फट बंद करतात. मला ते थोडं बेभरवशाचं वाटतं. ती म्हणाली, त्यातच मजा आहे, आणि त्या यंत्रावर सर्वाधिक गुण तिचेच झाले.

मामांनी विल्यम्सचं १९७६ चं 'स्पेस मिशन' सांगितलं. १९७५ च्या अपोलो-सोयूझ भेटीचं चित्र आहे, आणि बोर्डाच्या मधे एक टार्गेट सतत डावी-उजवीकडे झुलत असतं. नेम चेंडूचा नाही, वेळेचा धरायचा. मामा फ्लिपर दाबण्याआधी दर वेळी मनात काहीतरी मोजत होते.

माझं गॉटलीबचं १९७७ चं 'सेंटिग्रेड ३७'. एका खेळाडूचं यंत्र, वरच्या काचेवर थर्मामीटर, आणि पारा वर चढवत न्यायचा एवढंच काम. मान वर करून पारा बघायचा मोह आवरायचा आणि कानांनी खेळायचं. पारा टोकाला पोचतो तेव्हा आणि गुणांवर फुकट खेळ मिळतो तेव्हा पेटीत लाकडावर एक कॉइल 'ठाक्' करून आपटते. तिथे खेळ तसेही फुकटच आहेत, पण तो आवाज आला की आख्खी खोली वळून बघते. १९६३ चं 'स्लिक चिक' हे वेन नेयन्स यांचं यंत्र अनेक जाणकारांचं पहिलं असतं. मिळालं तर धक्क्याची परीक्षा म्हणून खेळा. मला ते अजून नीट वश झालेलं नाही, पुढच्या खेपेला त्याच्यापासूनच सुरुवात करणार आहे.

किमान चार तास काढून जा. आवाज भरपूर असतो, लहान बाळ किंवा श्रवणयंत्र लावणारे आजोबा बरोबर असतील तर अधूनमधून बाहेर फेरी मारा. ज्येष्ठांना उभं राहून थकवा येतो, म्हणून बसायची जागा आधी हेरून ठेवा. लहान मुलांसाठी पायाखाली घ्यायला स्टूल मागा. चेंडू अडकला किंवा घंटा थांबेनाशी झाली तर पेटी हलवू नका, तिथल्या माणसाला बोलवा. खाणंपिणं यंत्रांपासून लांब. जेवायला वेबस्टर स्ट्रीटवरच पुष्कळ जागा आहेत. दिवस उरला तर बेटाच्या पश्चिम टोकाला यूएसएस हॉर्नेट ही विमानवाहू युद्धनौका आहे, पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

लास व्हेगासला जाणार असाल तर तिथे टिम आर्नल्ड यांनी उभं केलेलं पिनबॉल हॉल ऑफ फेम आहे. २०२१ पासून ते स्ट्रिपच्या, म्हणजे तिथल्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याच्या, दक्षिण टोकाला, 'वेलकम' पाटीजवळ आहे. तिथे प्रवेश फुकट, पण प्रत्येक यंत्रात नाणी घालायची. क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) बरोबर ठेवा, जुनी यंत्रं नव्यांपेक्षा स्वस्तात खेळता येतात. अ‍ॅलमेडा आधी आणि व्हेगास नंतर असा क्रम ठेवा. फुकट खेळून हात बसलेला असला की मग एका क्वार्टरमध्ये बराच वेळ निघतो.