३४ इंचांचा कट्टा

माझी उंची ४ फूट ८ इंच, ह्यांची ६ फूट १. लग्नात फोटोवाल्यानं मला पाटावर उभं केलं आणि पाट दिसू नये म्हणून शालूच्या निऱ्या पुढं सोडल्या. मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न. तो पाट पुढं १९ वर्षं माझ्या पायाखालीच राहिला.

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात कट्टा ३४ इंचांचा होता. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा गवंड्यानं कुणाला विचारलं नव्हतं, सगळीकडे घालतो तसा घातला. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो बरोबर बसायचा. मला नाही. ३४ वर शेगडी चार-पाच इंच, तिच्यावर आठ इंचांचं पातेलं. काठ गेला ४६-४७ वर, आणि माझा खांदाच तेवढ्यावर आहे. आमटी ढवळताना कोपर कानाशी, वाफ चष्म्यावर. उकळी आली की नाही हे मी बघत नव्हते, ऐकत होते.

कणीक मळायला जोर वरून खाली लावावा लागतो, म्हणून परात कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हवी. माझं कोपर ३५ वर. मी कणीक मळायची कुठली, नुसती ढकलायची. शेवटी भाकरीची काठवट खाली घेतली आणि फतकल मारून बसले. आत्या म्हणाल्या, "अगे, शेगडी वर नि तू खाली, तव्यात टाकणार कशी?" त्यांचं बरोबर होतं. थापलेली भाकरी हातावर घेऊन उठायचं, तव्यात टाकायची, परत बसायचं. दहा भाकऱ्यांना दहा उठाबशा.

वडगावात माहेरी हे कधी जाणवलंच नव्हतं. शाळेत पोरं 'गिड्डी' म्हणायची, पण घरात चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. बसल्यावर माणसामाणसांत असा कितीसा फरक राहतो? आणि आमच्या घरात हातमाग होता, खड्ड्यातला. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. आजोबा माझ्यासारखेच बुटके, खड्डा त्यांच्या पायांच्या मापाचा. त्यांच्यामागं काका मागावर बसले तर गुडघे वर येऊ लागले. पहिल्याच आठवड्यात काकांनी पहार घेऊन खड्डा आणखी खोल केला. कुणी म्हटलं नाही की मागाचं माप असतं ते असतं, तूच पाय आखडून बस. सुताचं काम बिघडलं तर पैसे बुडतात ना. आमटी ढवळणारीचा खांदा दुखला तर कुणाचं काय बुडतं?

उंच माणसाचंही सुख नाही, हे मात्र मान्य करते. ह्यांचं गावाकडचं घर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या अंगाला. तिकडच्या पावसात मातीच्या भिंती टिकाव्यात म्हणून कौलं पार खाली उतरवलेली, आणि मधल्या खोलीची चौकट जेमतेम साडेपाच फूट. गणपतीला गेलं की हे कितीदा आपटतात ते पोरं मोजतात. मागच्या वर्षी तीन. त्या घरात मी एकटीच ताठ मानेनं फिरते.

आमच्या घरात आरसाही ह्यांच्या दाढीच्या सोयीनं लावलेला. मला त्यात भांग दिसायचा, कुंकू अंदाजानं. आणि वरच्या कपाटात गेलेली वस्तू माझ्यापुरती गाव सोडून गेलेली. पुढची बरणी कलथ्यानं ओढायची, मागची विसरायची. एका दिवाळीत चकलीचा सोऱ्या काढायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढले, फरशीवर पीठ सांडलेलं होतं, स्टूल सरकलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत ह्यांनी स्वयंपाक केला. चांगला केला, खोटं कशाला बोलू. पण चौथ्या दिवशी कंबर धरून बसले. "ह्या कट्ट्याला किती वाकायचं ग?" मी टेप काढला. त्यांचं कोपर ४५-४६ वर, म्हणजे त्यांना कट्टा हवा चाळीसचा. मला हवा तिसाच्या आतबाहेर. १९ वर्षं आम्ही दोघंही तिसऱ्याच कुणाच्या तरी कट्ट्यावर राबत होतो.

गेल्या उन्हाळ्यात तो फोडला. फरशी बसवायला आलेला मिस्त्री कन्नड बोलणारा. म्हणाला, "अक्का, सगळे चौतीसच घालतात, पुढं घर विकताना त्रास होईल." मी म्हटलं, विकताना बघू, आधी जेवू. त्यानं भिंतीला टेप लावला आणि खडूची रेघ खाली खाली आणत विचारत राहिला, "इष्टु साका?" एवढं पुरे का? २९ वर आल्यावर मी म्हटलं, "साकु." कुणी मला विचारून माप घेतलं ते आयुष्यात ब्लाउज सोडून पहिल्यांदाच.

शेगडीची बाजू २९ इंच. सिंकची बाजू ३८, कारण भांडं सिंकच्या तळाशी असतं आणि तळ काठापेक्षा सात-आठ इंच खाली जातो, म्हणजे वाकणं तिथंच जास्त. हे मी ह्यांना नीट समजावलं, कागदावर काढून दाखवलं. मधे नऊ इंचांची पायरी दिसते. बघायला आलेल्या बायका तिच्यावरून हात फिरवून जातात, बोलत काही नाहीत. आरसा लांबोळका घेतला, वरून खालपर्यंत. माळ्यावरचं सामान मात्र अजून तसंच आहे. लोखंडी शिडी घेतली, पण ती उघडायला मलाच जड जाते.

आता ३८ इंचांच्या सिंकपाशी माझे हात काही नीट पुरत नाहीत. त्यामुळं भांडी हे घासतात. मी हे ठरवून केलं असं आत्यांचं म्हणणं आहे.