ताई, कुठली थिअरी लावू?

मागच्या आठवड्यात एका रात्री मावसबहिणीचा फोन आला. सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, आणि नुसत्या "हॅलो"वरूनच कळलं की सबमिशन डोक्यावर आलंय. "ताई, माझा टॉपिक मोबाईलचं व्यसन आहे आणि तीन थिअरीज लावायच्यात, कुठल्या लावू पटकन सांग ना." पटकन! जसं काही माझ्या कपाटात थिअरीज घड्या घालून ठेवल्यात आणि मी तिच्या मापाची बघून काढून देणार.

हसू आलं, पण रागवायचं कुठल्या तोंडानं, कारण मी स्वतः हेच केलंय. माझ्या प्रोजेक्टमध्ये तर चार होत्या. फ्रॉईड, स्किनर, बांडुरा, आणि मास्लो तर होताच, मास्लोला वगळून सबमिशन करायची आमच्या बॅचमध्ये कुणाची छातीच नव्हती. त्याचा तो माणसाच्या गरजांचा पिरॅमिडसुद्धा मी स्केल लावून पाच रंगांत काढला होता. (बऱ्याच वर्षांनी मास्लोचा १९४३चा मूळ पेपर उघडून बघितला तर त्यात पिरॅमिड नाहीच, ते चित्र मागाहून दुसऱ्यांनी काढलेलं. माझे स्केचपेन फुकट गेले.)

तर व्हायवाला गाईड मॅडमनी फाईल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, की या चारातली एखादी थिअरी तुझ्या टॉपिकला लागू होत नसती तर ते तुला कशावरून कळलं असतं? मी गप्प. मला प्रश्नच कळला नव्हता. लागू होत नसती म्हणजे काय, मी लावली म्हणजे लागू झाली की.

त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला कार्ल पॉपर या विज्ञानाच्या तत्त्वज्ञाचा किस्सा वाचावा लागला. १९१९ची गोष्ट, पॉपर तेव्हा अगदी कोवळा पोरगा, व्हिएन्नात आल्फ्रेड ॲडलरबरोबर मुलांसाठी काम करायचा. न्यूनगंडाची थिअरी मांडणारे मानसशास्त्रज्ञ ॲडलर तेच. त्याने एकदा ॲडलरना एका मुलाची केस सांगितली, याच्या मते ती काही न्यूनगंडाच्या थिअरीत बसत नव्हती, पण ॲडलरनी त्या मुलाचं तोंडही न बघता ती चुटकीसरशी बसवून दाखवली. याने विचारलं, इतकी खात्री कशी? तर म्हणाले, हजार केसेसचा अनुभव आहे माझा. यावर पॉपर म्हणाला की म्हणजे आता हा अनुभव एक हजार एक केसेसचा झाला म्हणायचा. पुढे त्याने याच मुद्द्यासाठी एक उदाहरण दिलंय, एक माणूस लहान मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो आणि दुसरा मुलाला वाचवायला स्वतःचा जीव देतो. ॲडलरच्या हिशेबाने पहिल्यालाही न्यूनगंड, त्याला गुन्ह्याची हिंमत सिद्ध करायचीय, आणि दुसऱ्यालाही न्यूनगंड, त्याला वाचवायची हिंमत सिद्ध करायचीय. फ्रॉईडकडेही दोघांसाठी उत्तर तयार. काहीही घडलं तरी थिअरी बरोबरच, मग ती सांगते तरी काय?

माझ्या चारही थिअरीज मी नेमक्या अशाच वापरल्या होत्या, प्रत्येकीखाली एक पान आणि शेवटी "अशा प्रकारे सदर सिद्धांत या वर्तनाचे स्पष्टीकरण देतो".

म्हणून बहिणीला म्हटलं, थिअरी राहू दे बाजूला, आधी तुझा टॉपिक सांग. "सांगितला ना, मोबाईलचं व्यसन." अगं पण ते वर्तन कुठे आहे, ते तर तू आधीच दिलेलं निदान आहे. रात्री दोनपर्यंत गेम खेळणं वेगळं, मित्राशी भांडण झाल्यावर त्याचं स्टेटस वीस वेळा बघणं वेगळं, आणि काही वाजलं नाही, कुणी बोलावलं नाही तरी हात आपोआप खिशाकडे जाणं हे तिसरंच. या तिन्हींना एकच थिअरी लागेल असं धरून चालायचं कारणच काय? बरीच कटकट करून शेवटी ती यावर आली: नोटिफिकेशन आलेलं नसताना मोबाईल उचलून बघणं. बास. इतकं बारीक केलं की मग थिअरीला पकडायला काहीतरी मिळतं. खरं सांगायचं तर निम्मं काम इथेच होतं आणि नेमकं हेच सगळे गाळतात, कारण टॉपिक छान भारदस्त दिसला पाहिजे ना.

मग उलट्या बाजूने गेलो. अमुक थिअरी खरी असेल तर हा हात नेमका कधी जास्त जाईल, आणि कधी जाणार नाही?

स्किनर घे. ज्या वर्तनाला बक्षीस मिळतं ते पुन्हा घडतं, ही त्याची थिअरी. फर्स्टर आणि स्किनरनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात बक्षीस कधी द्यायचं याचे वेगवेगळे हिशेब आहेत. दाणा कितव्या टोचीला पडेल हे ठरलेलं नसेल तर कबुतर थांबतच नाही, आणि दाणे पूर्ण बंद केले तरी बराच वेळ टोचत राहतं. मोबाईलचं तसंच, दहा वेळा बघितलं तर एकदा काहीतरी छान आलेलं असतं, पण कितव्या वेळी ते माहीत नाही. आता हे जर खरं असेल तर मेसेज दर तासाला एकदमच येतील अशी सेटिंग केली की उचलण्याची लय बदलायला हवी, कारण ठराविक वेळेने दाणा मिळणारी कबुतरं दाणा खाल्ल्यावर थोडी निवांत होतात आणि पुढची वेळ जवळ आली की परत टोचायला लागतात. एका दिवसात फरक दिसणार नाही, आधीची सवय चिवट असते, पण दिसायला हवा.

सवयीची थिअरी वेगळंच सांगते. तिच्या मते एकदा सवय मुरली की बक्षिसाचं महत्त्व जवळजवळ संपतं, जागा आणि परिस्थितीच हात हलवते. यावर डेव्हिड नील, वेंडी वूड आणि मंडळींचा २०११चा पॉपकॉर्नचा प्रयोग मला भारी आवडतो. थिएटरमध्ये लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे, आणि ज्यांना पिक्चर बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले. चव आवडली का विचारलं तर नाही म्हणाले, पण खाल्ले! तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंग रूममध्ये दिले तेव्हा मात्र सवयवाल्यांनीही हात आखडता घेतला. आणि थिएटरमध्येच, पण नेहमीचा नाही तर दुसरा हात वापरायला लावला, तरीही सवय मोडली. म्हणजे ही थिअरी बरोबर असेल तर मेसेज येवोत न येवोत, मोबाईलची जागा बदलली, डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला तरी फरक पडायला हवा. स्किनरच्या हिशेबात खिसा बदलल्याने इतकं काही व्हायचं कारण नाही.

तिसरी, पळवाट. कंटाळा किंवा अडचण आली की त्यातून सुटायला माणूस काहीही करतो. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं, आणि सोबत एक बटण, जे दाबलं की स्वतःलाच विजेचा झटका बसतो, आणि तो झटका कसा लागतो हे त्यांना आधीच दाखवलेलं. तरी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी बटण दाबलं! (पुरुषांबद्दल मी काही बोलत नाही.) आता झटक्यापेक्षा मोबाईल कितीतरी बरा. ही थिअरी खरी असेल तर हात जाईल तो काम अडतं तिथे, वाक्य सुचत नाही, गणित सुटत नाही तिथे, आणि रंगलेल्या कामात जाणार नाही.

चौथी तिला स्वतःलाच सुचली, एकटेपणाची. बाउमायस्टर आणि लिअरीचा १९९५चा पेपर तिच्या सिलॅबसमध्ये आहे, माणसाला आपलं म्हणणारं कुणीतरी लागतं ही मूलभूत गरज आहे, असा. मग मी विचारलं, हे खरं असेल तर मोबाईल उचलल्यावर तू आधी काय उघडशील? माणसं, की हवामान? ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "ताई, मी बऱ्याचदा काहीच उघडत नाही गं, नुसतं स्क्रीन चालू करून बंद करते." सुंदर! हे वाक्य तिच्या अख्ख्या रिव्ह्यूपेक्षा कामाचं आहे, कारण माणसांची ओढ म्हणून उचललेला मोबाईल काहीही न उघडता परत खाली का जावा याचं उत्तर त्या थिअरीला देता येत नाही.

मध्येच तिने "आणि डोपामिन?" विचारलंच. विचारणारच, हल्ली सगळ्याचं उत्तर डोपामिन, म्हणजे मेंदूतलं ते एक रसायन, असतं. आता माकडांवरच्या प्रयोगांतून वोल्फ्राम शुल्ट्झनी दाखवलेलं खरंच मस्त आहे, अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी पेटतात, आणि आधी दिवा लागतो मग रस येतो हे माकड शिकलं की त्या रसाला नाही तर दिव्यालाच पेटतात. पण ही काही स्किनरची प्रतिस्पर्धी थिअरी नाही, एकाच घराचा खालचा मजला आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या निको टिनबर्गननी १९६३मध्येच सांगून ठेवलंय की "हे वर्तन का घडतं" यात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात: आतली यंत्रणा काय, त्या प्राण्याच्या आयुष्यात ते घडत कसं गेलं, त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते आलं कुठून. एका प्रश्नाची दोन उत्तरं भांडू शकतात, दोन प्रश्नांची कशी भांडणार? "तुलनात्मक चर्चा" या हेडिंगखाली डोपामिन विरुद्ध स्किनर लिहिणं म्हणजे गाडी इंजिनमुळे चालते की ड्रायव्हरमुळे यावर वाद घालणं.

आणि हो, इच्छाशक्ती खर्च होऊन संपते ही थिअरी तिने यादीत घातली होती, ती मी काढायला लावली. १९९८मध्ये ती आली तेव्हा खूप गाजली, पण २०१६मध्ये २३ लॅबनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासली तर परिणाम जवळपास शून्य निघाला. क्रमिक पुस्तकात मात्र अजून ऐटीत बसलेली असते. थिअरी घेताना तिचं पुढे काय झालं एवढं तरी बघावं, स्थळ बघताना नाही का आपण दहा जणांकडे चौकशी करत!

शेवटी ठरलं दोनच ठेवायच्या, सवय आणि पळवाट, कारण त्या वेगवेगळं भाकीत करतात आणि ते तिला स्वतःवर आठवडाभर वहीत नोंदवता येतं. मोबाईल कुठे होता, हातात काम काय होतं, ते अडलं होतं का, उचलल्यावर काय उघडलं. "पण ताई, तीन सांगितल्यात ना." मग एकटेपणाचीही घाल, आणि ती कुठे कमी पडली ते लिही. "कमी पडली असं लिहिलं तर मार्क कापतील का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काल तिचा फोटो आला वहीचा, तीन दिवसांच्या नोंदी, आणि खाली पेन्सिलने लिहिलंय: वहीत लिहायला लागतं म्हणून उचलणंच कमी झालंय, आता याला कुठली थिअरी?