मेलेला उंदीर

तक्रार आली तीच जरा विचित्र होती. "स्वयंपाकघरात वास नाही, हॉलमध्ये आहे." ठाण्यातली जुनी सात मजली सोसायटी, पाचवा मजला, दिवाळी नुकतीच सरलेली. पाइप गॅसच्या इमर्जन्सी गाडीवर काम करणाऱ्याला असली तक्रार ऐकून बरं वाटत नाही. शेगडीपाशी वास असेल तर बहुतेक वेळा रबरी नळी चिरलेली असते, नाहीतर शेगडीचा नॉब ढिला झालेला असतो. साबणाचं पाणी लावलं की फेस येतो, नळी बदलायची, सही घ्यायची, झालं. हॉलमध्ये तर गॅसची लाइनच नसते!

जोडीदार आणि मी जिन्याने चढलो. लिफ्ट घेत नाही, बेल वाजवत नाही, मोबाइल गाडीत ठेवतो. दार हाताने वाजवलं. उघडलं तसा चंदनाचा घमघमाट आला. हॉलमध्ये दोन कोपऱ्यांत उदबत्त्यांचे जुडगे पेटवलेले, देव्हाऱ्यात समई. घरच्या काकांनी सांगितलं की दिवाळीच्या आधीपासून अधूनमधून घाण वास येत होता. छतात उंदीर मेला असणार, असं सगळ्यांचं एकमत. पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला होता, त्यानेही मान डोलावली होती. त्या दिवशी शेजारच्या बाईंनी "हा गॅसचाच वास आहे" म्हणून हट्ट धरला, तेव्हा कुठे काकांनी फोन केला. (शेजाऱ्यांनी आधी १९०६ फिरवला होता. तो सिलिंडरवाल्यांचा नंबर. पाइप गॅसचा इमर्जन्सी नंबर आपल्या कंपनीच्या बिलावर असतो.)

लोकांची ही गल्लत होते, त्यात नवल नाही. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि त्याचा वास सडक्या कोबीसारखा, कुजल्यासारखा असतो. उंदीर आठवणारच.

"उदबत्त्या आधी विझवा. बटणांना हात लावू नका, चालू असेल ते चालू राहू दे, बंद असेल ते बंद. आणि सगळे खाली चला." देव्हाऱ्यासमोर आजी बसल्या होत्या. तिन्हीसांजेची समई विझवायला त्या तयार होईनात. मी हवेतला गॅस मोजणारा डिटेक्टर समईजवळ धरला, आकडा शून्य. मग म्हटलं, "आजी, तुम्हीच शांत करा, मी इथेच उभा आहे." त्यांनी चिमटीत वात धरली, देवाची माफी मागितली आणि सूनबाईचा हात धरून उठल्या.

डिटेक्टर जमिनीजवळ शून्य, ओट्याखाली शून्य, शेगडीपाशी शून्य. काका दारातून म्हणाले, "मी सकाळीच खालची दारं उघडली होती, गॅस खाली बसतो ना?" सिलिंडरचा बसतो. तो हवेपेक्षा दीड-दोन पट जड. पाइपातला नैसर्गिक गॅस हवेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त वजनाचा, तो वर जातो. मी स्टुलावर चढलो आणि हॉलच्या पीओपी छतातल्या एका स्पॉटलाइटच्या कडेला नळी लावली. आकडा चढायला लागला. दहा, पंचवीस, चाळीस. साठाच्या आसपास थांबला.

हे आकडे हवेतल्या गॅसचे टक्के नव्हेत. हवेत ५ टक्के मिथेन झालं की ते पेट घेऊ शकतं, आणि त्या पाच टक्क्यांना यंत्र १०० म्हणतं. साठ म्हणजे छताच्या पोकळीत साधारण ३ टक्के गॅस. यंत्राची नळी पोहोचली नव्हती त्या कोपऱ्यांत किती असेल ते सांगता येत नव्हतं. त्याच पोकळीत दिव्यांच्या वायरी, आणि दिवे चालू!

जोडीदाराने तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये जाऊन त्या फ्लॅटची वीज तोडली. घरातल्या बटणाने तोडायची नाही, ठिणगी नेमकी तिथेच पडते. मी गॅलरीत गेलो तर गॅसच्या मीटरजवळचा व्हॉल्व उघडा. काकांना फोनवर व्हॉल्व बंद करायला सांगितलं होतं आणि त्यांनी केलाही होता, पण शेगडीखालचा. मीटरपासून तिथपर्यंतच्या सगळ्या पाइपात गॅस तसाच भरलेला. मीटरचा व्हॉल्व बंद केला, मग बाहेरच्या उभ्या लाइनवरचाही. वरच्या आणि खालच्या मजल्यावर डिटेक्टर फिरवला, शून्य. खिडक्या उघडल्या तरी छतातला गॅस आपणहून निघेना, म्हणून वीज गेल्याची खात्री करून टॉर्चच्या उजेडात स्पॉटलाइट एकेक करून हाताने खाली ओढले. भोकं मोकळी झाली आणि आकडा हळूहळू उतरू लागला. पंखा लावला असता तर लवकर उतरला असता, पण पंखा लावायचा नसतो.

शून्य आल्यावर प्रेशरची परीक्षा घेतली. घरातला गॅस २१ मिलिबारवर असतो, म्हणजे नळीतलं पाणी साधारण २१ सेंटीमीटर वर ढकलेल इतकाच दाब. दाब मोजणारा मॅनोमीटर जोडला, शेगडीकडचं टोक बंद ठेवलं. पाण्याची रेघ डोळ्यांदेखत खाली सरकली.

तेव्हा काका बोलले. उन्हाळ्यात ओपन किचन केलं होतं. मधली भिंत पाडल्यावर पाइपला वाटच उरली नाही, तेव्हा इंटिरियरवाल्याच्या प्लंबरने तांब्याचा पाइप वर नेला, छतातून फिरवला आणि पलीकडे ओट्यावर उतरवला. कंपनीला कळवलं नाही. "दिसत नाही म्हणून छान वाटलं." मागच्या बिलात युनिट वाढले होते, पण फराळ झाला होता, कोण शंका घेणार?

दुसऱ्या दिवशी छत उघडलं तेव्हा पितळी जॉइंट सापडला. नट अर्धवट आवळलेला, त्यावर पाण्याच्या नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेप. स्पॉटलाइटला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, तिथून वीतभर अंतरावर. पीओपी छताचा इतका खर्च करणारी माणसं जॉइंट कुठे आहे एवढंही विचारत नाहीत, याचा मला दर वेळी राग येतो. झाकलेल्या जागेत जॉइंट नसावाच.

आदल्या रात्री मात्र घरात वेगळाच वाद. मी मीटरपुढचा पाइप काढून तोंडावर प्लग बसवला, तर सूनबाई म्हणाल्या, "दादा, पाहुणे यायचेत, उद्यापुरतं तरी चालू ठेवा." नाही म्हटलं. शेजारच्या बाईंनी इंडक्शन शेगडी आणून दिली.

खाली सेक्रेटरी थांबले होते. त्याच इंटिरियरवाल्याने सोसायटीत आणखी घरं केली आहेत, असं ते हळू आवाजात म्हणाले. म्हटलं, चला, आत्ताच बघू. तिसऱ्या मजल्यावर तसाच पाइप छतात गेलेला. डिटेक्टर शून्य, मॅनोमीटरची रेघ जागची हलली नाही.

"गळत नाही ना? मग राहू दे की," घरमालक म्हणाले.

मी नोटिशीवर 'लाइन बाहेरून, उघडी घ्यावी, तोवर पुरवठा बंद' असं लिहिलं आणि व्हॉल्व फिरवला. त्यांनी सही केली नाही. सेक्रेटरींनी साक्षीदार म्हणून केली.