बुळबुळीत ते आपलं

नागपूरच्या काटोल रोडला मामाची संत्र्याची बाग आहे. तिथल्या हौदातलं शेवाळ दोन बाटल्यांत भरून मी मानेवाड्यापर्यंत मांडीवर घेऊन आले. आई दारातच म्हणाली, "हे काऊन आणलं वं घरात? काई घासून टाकतात, पोसत नाहीत."

आणलं सोमवारच्या प्रॅक्टिकलसाठी. बी.एस्सी.ची पोरं मायक्रोस्कोपला डोळा न लावता पुस्तकातलं चित्र उतरवतात. मीही तेच करायची, साळसूदपणा कशाला!

या वेळी आधी शेवाळ चिमटीत चोळायला लावलं. रेशमासारखा सटकतो तो स्पायरोगायरा. सुतळीसारखा खरखरीत तो क्लॅडोफोरा. हिरवा रंग तोच, क्लोरोफिल ए आणि बी तेच, स्टार्चही दोघं हरितलवकातच साठवतात. तरी घराणी वेगळी. मामाच्या संत्र्याच्या जवळचा भाऊबंद तो बुळबुळीत. खरखरीत फार लांबचा.

मग स्लाइड. काचेच्या नळीसारखी पेशी, आत फिरक्या घेत गेलेली हिरवी फीत, तिच्यावर पायरिनॉइडचे, म्हणजे ज्यांच्याभोवती स्टार्च जमतं त्या कणांचे, ठिपके. आयोडीनचा थेंब सोडला की ठिपक्यांभोवतीचं स्टार्च निळंकाळं होतं. केंद्रक मात्र लवकर सापडत नाही. बारीक स्क्रू हळूहळू फिरवत राहिलं तर पेशीच्या मधोमध, जीवद्रव्याच्या दोऱ्यांवर दिसतं. एक पोरगी ओरडलीच, "मॅडम, हे तर लटकून आहे ना!"

आमच्या वेळी झाडांच्या जवळच्या भाऊबंदाचा मान कारा नावाच्या शेवाळाला होता. कांड्या, पेरांवर फांद्यांची वलयं, दिसायला अगदी झाड. एकेक कांडी म्हणजे कित्येक सेंटिमीटर लांब एकच पेशी. पेशी विभागताना नवी भिंतही झाडांसारखी मधून कडेकडे बांधतो. स्पायरोगायरात ती मुख्यतः कडेकडून आत येते. म्हणून सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर आलेल्या वनस्पतींचा सर्वांत जवळचा नातेवाईक काराच, असं मीही ठोकून शिकवलं. २०१४ साली शेकडो जनुकांची तुलना झाली आणि तो मान स्पायरोगायराच्या गटाला गेला. म्हणजे स्पायरोगायराचा साधेपणा मूळचा नसावा, बरंच काही गमावून आलेला असावा. २०१९ मध्ये याच गटातल्या दोन शेवाळांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचले, तर कोरड सोसायच्या कामातली काही जनुकं मातीतल्या बॅक्टेरियांकडून आलेली दिसली. हे मला अजून पचत नाही, पण पटतं.

संध्याकाळी वह्या तपासल्या. एकाची फीत अर्ध्यातच तुटलेली, आणि हवेच्या बुडबुड्याला त्याने 'केंद्रक' नाव दिलेलं. दुरुस्ती लिहिली आणि सही केली. निदान बघून काढलं होतं.