ऋतूंची कामवाटणी

पुण्या-मुंबईचे नातेवाईक मुलांच्या वेळापत्रकाबद्दल बोलू लागले की मी गप्प बसते. मुलांनी रोज संध्याकाळी पाच वाजता मैदानावर जावे, नऊला झोपावे, सहाला उठावे, असे बाराही महिने चालणारे नियम ते अगदी सहज सांगतात. आमच्या जळगावात मे महिन्यात संध्याकाळी पाचला मैदानावर चिटपाखरूही नसते आणि रात्री नऊला गच्चीची फरशी अजून पायाला चटके देत असते, त्यामुळे मुले अकराच्या आत झोपत नाहीत. मैदानी भागात पारा 45 अंशांना टेकला की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मात्र त्या आकड्याचे कोणाला फारसे अप्रूप राहिलेले नाही. इथे घराचे नियम ऋतूच ठरवतो. आईबापांनी ते फक्त मोठ्याने म्हणून दाखवायचे असतात.

हे नियम बहुतेक नकाराचेच असतात. चैत्र-वैशाखात बाहेर जाऊ नको, पावसाळ्यात भिजू नको, थंडीत उघड्यावर बसू नको. यांतला उन्हाळ्याचा नकार सर्वांत लांबलचक आणि सर्वांत रास्त असतो, कारण लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या भरात तहान लागल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून अकरा वाजले की दारे-खिडक्या बंद होतात, कूलरमध्ये पाणी पडते आणि घरातल्या घरात अंधारी दुपार सुरू होते. खानदेशाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे साध्या कूलरनेही खोली चांगली गार होते. तोच कूलर जुलैच्या दमट हवेत लावला तर अंगाला नुसता चिकटा येतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर उन्हाळा घरात वादच पेटवतो. नणंदेचे बाळ ऐन एप्रिलमध्ये आमच्याकडे होते, तेव्हा सासूबाईंना त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातल्याशिवाय चैन पडेना, आणि डॉक्टरांनी तर बजावून सांगितलेले की पहिले सहा महिने कितीही ऊन असले तरी आईच्या दुधाखेरीज काही द्यायचे नाही. बाळाला लागणारे पाणी त्या दुधातच असते. शेवटी सासूबाईंनी आपला मोर्चा बाळाच्या आईकडे वळवला आणि ती नाही म्हणेपर्यंत तिला माठातले पाणी, ताक आणि कैरीचे पन्हे पाजले. वाद मिटवण्याची ही पद्धत मला फार आवडली. डॉक्टरांचा शब्द राहिला आणि चमचा हातात धरून बसलेल्या आजीला कामही मिळाले.

काम मिळणे, हीच माझ्या मते खरी गोष्ट आहे. आमच्या लहानपणीही ऋतूंचे नकार होतेच, ऊन तर इतकेच होते. पण प्रत्येक ऋतूने मुलांना एकेक काम नेमून दिलेले होते. उन्हाळ्याचे काम होते वाळवण राखण्याचे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत पडलेला असायचा, त्याचे पाणी रोज बदलले जायचे, आणि त्या आंबूस वासावरून आता उद्या की परवा, हे आम्ही मुले ओळखत असू. मग गहू वाटून, पिळून, चोथा बाजूला काढून, तळाशी बसलेले पांढरेशुभ्र सत्त्व पहाटेच्या अंधारात उकळत्या पाण्यात शिजायला पडे. ते रटरट वाजू लागले की आई लाकडी दांड्याने ते घोटत असे आणि गुठळी होऊ नये म्हणून तिचा हात क्षणभरही थांबत नसे. तयार झालेला पारदर्शक चीक वाटीत घेऊन त्यावर कच्चे तेल ओतून खायचा, तोही इतका गरम की टाळूला चिकटून बसावा. ही आमची आगाऊ मजुरी होती. सोऱ्यातून कुरडया पडल्या, ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, ओल्या कापडावर थापल्या गेल्या की मोठी माणसे उठून जात आणि खाटेच्या सावलीत काठी घेऊन आम्ही बसत असू. चिमण्या, कावळे, शेळ्या आणि शेजारची मुले, या सर्वांपासून वाळवण राखायचे असे. पहिल्या तिघांना काठी पुरत असे, चौथ्यांशी अर्धवट वाळलेल्या बिबड्यांचा तह करावा लागे.

आता कुरडया मी बचत गटाकडून घेते आणि त्या उत्तम असतात. नोकरी सांभाळून पहाटे तीनला चुलीपुढे बसण्याची हौस मला नाही, आणि ती असायलाच हवी, असे म्हणणाऱ्यांनी आधी एकदा सोऱ्या दाबून पाहावा. परंतु माझ्या मुलाच्या बाजूने हिशेब मांडला तर त्याच्याकडे उन्हाळ्याचा नकार तेवढा राहिला आणि काम गेले. बाहेर जाऊ नको, एवढेच त्याला सांगितले जाते. घरात बसून काय कर, हे सांगायला ऋतूकडे काही उरलेले नाही. ती जागा मोबाइलने घेतली, यात नवल काही नाही, कारण मोबाइल कधीच नको म्हणत नाही. मुलांना शिस्त नाही, अशी तक्रार करणारे आपण त्यांची कामे विकत आणतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

आखाजीने मात्र अजून थोडी लाज राखली आहे. सासरच्या लेकी अक्षय्य तृतीयेला माहेरी येतात, गावातल्या निंबांना झोके बांधले जातात, पुरणाचे मांडे खापरावर पडतात आणि आमरसाची पातेली भरतात. या दिवसांत आमच्या घरी मुलांपेक्षा त्यांच्या आत्यांनाच जास्त रागवावे लागते, कारण भर उन्हात झोक्यावर त्याच बसलेल्या असतात.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते, गणवेश वाळत नाही, घरोघर सर्दी-तापाची पाळी लागते आणि छत्री हरवते. पोळ्याला मातीचे बैल करायला बसवले की दोन तास शांतता मिळते. श्रावणात खानदेशाची देवी कानबाई येते तेव्हा मात्र घर पुन्हा मुलांनी भरून जाते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई साडी-दागिन्यांनी सजवून चौरंगावर बसवतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, म्हणून नोकरीसाठी सुरत-नाशिकला गेलेले काका-पुतणे त्या दिवशी हजर होतात.

रोटासाठी आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजण्याची रीत आहे. मोठ्यांची नावे एकेक करून घेतली जातात, मग पोरांची, आणि पाळण्यातल्या मुलाचेही नाव त्यात येते. मूठ मुलांनीच भरायची, हा आमच्या घरचा लाडका प्रघात. गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या लेकीने सर्वांची नावे ऐकून घेतली आणि माझी मूठ कोणती, असे विचारले. घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मी सासूबाईंकडे पाहिले, त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले. मग सासूबाईंनीच तिचा हात धरून गव्हाच्या पाटीत घातला आणि म्हणाल्या, “भर माय, तुन्ही बी भर.” त्यानंतर तिने माझी, आजीची, आत्यांची अशा मुठी भरायचा सपाटा लावला, रोटाचे पीठ ठरल्यापेक्षा बरेच जास्त झाले आणि रोट संपवता संपवता सर्वांची दमछाक झाली. सासरे म्हणाले, “पुढच्या साली परात मोठी आना.” रीत बदलल्याची नोंद आमच्या घरात एवढीच झाली.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, मूर्ती बसली की कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुलींची गाणी आणि टिपऱ्या चालतात. डब्यात कोणता खाऊ आहे, हे डबा हलवून ओळखायचे, हा त्यातला सर्वांत गंभीर भाग. आमच्या गल्लीत आता मुलगेही खाऊपुरते येऊन उभे राहतात, आणि मुली त्यांच्याकडून आधी गाणे म्हणवून घेतात. हे मला योग्यच वाटते.

दिवाळीनंतर थंडी पडते. उन्हाळ्यात 45 दाखवणारा पारा इथे डिसेंबर-जानेवारीत कधी कधी 10 च्याही खाली उतरतो, आणि मग खानदेशात ज्याच्याकडे शेत आहे तो इतरांना भरिताला बोलावतो. जळगावच्या भरिताच्या हिरव्या, भल्यामोठ्या, कमी बियांच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण ती घरच्या गॅसवर भाजणे आमच्याकडे कमीपणाचे मानतात. वेचणी झालेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ लागतो. तो चटकन भडकतो आणि चटकन बसतो, म्हणून वांगी सतत उलटवत राहावी लागतात. एक बाजू कच्ची राहिली तर भरीत कडवट होते. पुढे हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हे मोठ्यांचे काम. वांगी उलटवायचे काम मात्र मुलांना देता येते, आणि गेली काही वर्षे सासरे ते माझ्या मुलालाच देतात.

यंदा धाकटीनेही काठी मागितली. माझ्या तोंडून सवयीप्रमाणे, विस्तवाजवळ नको, असे निघालेच होते. पण सासऱ्यांनी तिला लांब काठी देऊन वाऱ्याच्या उलट बाजूला उभे केले, ओढणी-स्वेटर सावरायला सांगितले आणि स्वतः तिच्या मागे उकिडवे बसले. तिने दोन वांगी राखेत लोळवली, एक फोडले, आणि भावाने फोडलेल्यापेक्षा आपले कमी फुटले आहे, यावर जेवण होईपर्यंत भांडत राहिली. मुलाचे म्हणणे असे की त्याचे फुटलेले नसून भाजलेले होते. वाद सासऱ्यांकडे गेला. त्यांनी दोन्ही वांगी सोलून एकाच भांड्यात ठेचली आणि मुसळी दोघांच्या हातात दिली.