व्हिडिओवर दाखवलं तर चालेल का?

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि बहुतेक वेळा तो पेशंट विचारत नाही. तो येतो घणसोलीतून, कोपरखैरण्यातून, हल्ली पुण्यातूनही. विचारणारा मुलगा असतो नाहीतर लेक. आईवडील गावी. "मॅडम, आईला सारखं कराडला आणायला जमत नाही. व्हिडिओवर बघाल का? बाकीच्या पेशंटना चालतं ना तसं?" तुम्हीही हेच विचारलंत. फोनवर "बघू" म्हणून विषय संपवण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं.

मी कराडला फिजिशियन आहे. माझे निम्मे पेशंट पाटण तालुक्यातले: ढेबेवाडी खोरं, मोरगिरी, कोयनेच्या काठची गावं. घरटी एक माणूस मुंबईकडे, बरेचसे माथाडीत. कराड ते पाटण 35-40 किलोमीटर, आणि पुढे डोंगरातल्या वाडीवरून यायचं तर सकाळची एसटी धरायची, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. एका तपासणीपायी अख्खा दिवस जातो. त्यामुळे व्हिडिओची सोय या माणसांना सगळ्यांत आधी हवीशी वाटेल, अशी माझी खात्री होती.

2020 च्या आधी आम्हा डॉक्टरांनाच फोनवर औषध सांगायची धास्ती होती. 2018 साली रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितले म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. ती बातमी आमच्यातल्या प्रत्येकानं वाचली होती. मग 25 मार्च 2020 ला, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. कोणतं औषध फोनवर देता येईल, कोणत्या औषधासाठी पेशंट व्हिडिओवर दिसलाच पाहिजे, कोणती औषधं अशा पद्धतीनं मुळीच द्यायची नाहीत, हे पहिल्यांदा लिहून मिळालं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं वाटलं तर थांबण्याचा अधिकारही डॉक्टरला राहिला.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यात व्हिडिओनं माणसं वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, मी बघते, असं सांगत रात्री बारापर्यंत मी फोन धरून बसायचे. कोण बसल्या जागी ठीक दिसतोय पण चालल्यावर ऑक्सिजन खाली जातोय, ते तिथे कळायचं आणि ताबडतोब गाडी करून आणायला सांगता यायचं. त्या दोन महिन्यांनंतर मला वाटलं, आता लोकांना सवय झाली, निम्मे तरी व्हिडिओवरच राहतील.

एसट्या नीट सुरू झाल्या आणि सगळे परत आले. कसरत करत, काठी टेकत, पण आले.

एका आजींना मी म्हटलं, आजी, तुमची शुगर छान आहे, पुढच्या वेळी नातवाच्या फोनवरून बोलू, एवढ्या लांब कशाला येता? त्या म्हणाल्या, "आता एसटी फुकट हाय मला. आन् फोनवर तुमी हात कुटं लावताय?" 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली 2022 च्या ऑगस्टमध्ये, बायकांना निम्मं तिकीट झालं 2023 च्या मार्चमध्ये. तेव्हापासून माझ्या ओपीडीत म्हाताऱ्या बायका एकेकट्या येऊ लागल्या. पूर्वी मुलाला सुट्टी मिळेपर्यंत थांबायच्या. आता येतात, दाखवतात, मंडईतून काहीतरी घेतात, लेकीकडे चहा पितात आणि परत जातात. मुलाच्या हिशेबात ही दगदग आहे, पण त्यांच्यासाठी महिन्यातला हा एक दिवस हक्काचा आहे.

"हात लावणं" हा शब्द मात्र मी हलका घेत नाही. आपल्याकडे डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणतात. शिकत असताना मला ती अडाणी समजूत वाटायची. आता वाटतं, त्यात पेशंटनं स्वतःच्या अनुभवातून काढलेलं काहीतरी खरं आहे. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की रक्त किती कमी आहे त्याचा अंदाज येतो. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खड्डा पडला तर सूज कसली ते शोधायला लागते. पोट दाबताना दुखतं की दाब सोडताना जास्त दुखतं, यावर आज रात्री ऑपरेशन की नाही हे ठरू शकतं. काविळीचा पिवळेपणा पिवळ्या बल्बखाली, स्वस्त कॅमेऱ्यातून, मला सांगता येत नाही. आणि हे सगळं करताना पेशंट माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. माझा हात पोटावर एका जागी थांबला की तो विचारतो, "हितं काय हाय का?" हातानं तपासताना आमचं दोघांचं बोलणं चालू असतं.

एक चूक सांगते. एक आबा, मधुमेही, आठ महिने व्हिडिओवर होते. मुलगा लॅबचे रिपोर्ट पाठवायचा, आकडे चांगले, आबा हसतमुख. मी गोळ्या चालू ठेवत गेले. नवव्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी ते कराडला आले आणि सहज आत डोकावले. चप्पल काढायला लावली तर उजव्या अंगठ्याच्या खाली तळव्याला जखम, आतपर्यंत गेलेली. पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. अंगठा काढावा लागला. मुलानं एका शब्दानं दोष दिला नाही, पण तो माझाच होता. स्क्रीनवर चेहरा दिसत होता आणि मी चेहऱ्यावर समाधान मानलं. तेव्हापासून मधुमेहाच्या माझ्या प्रत्येक पेशंटचे पाय तीन महिन्यांतून एकदा माझ्या टेबलावर आलेच पाहिजेत. तळवे बघते, बारीक नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासते. यात मी कुणाला सूट देत नाही, अमेरिकेतून फोन आला तरी.

आता जे मला सगळ्यांत उशिरा कळलं ते लिहिते. व्हिडिओ कॉलमध्ये फोन कुणाच्या हातात असतो? मुलाच्या, सुनेच्या, नातवाच्या. मी विचारते, "मावशी, झोप लागते का?" उत्तर येतं मागून: "हो मॅडम, झोपते की चांगली." आवाज अडखळतो, मावशींना कमी ऐकू येतं, त्या मान हलवतात आणि आपण पुढच्या प्रश्नाला जातो. त्याच मावशी ओपीडीत आल्या, दार लागलं, बरोबरचं माणूस बाहेर बसलं, की पहिली पाच मिनिटं गुडघे आणि सहाव्या मिनिटाला खरं कारण. अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकलीय, दोन वर्षं झाली. लघवी धरवत नाही म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलंय. कधी आजार नसतोच, घरात कुणी नीट बोलत नाही एवढंच असतं, आणि तेही सांगायला बाहेरचं, दार बंद असलेलं ठिकाण लागतं. घरात ते ठिकाण त्यांना नाही. त्यामुळे या बायका "व्हिडिओ नको" म्हणतात तेव्हा त्या नव्या गोष्टीला घाबरतात असं समजू नका. त्यातल्या काही जणी नातीला रोज व्हिडिओ कॉल लावतात. त्यांना फोन येतो, फक्त घरच्यांच्या देखत बोलायचं नसतं.

तरण्या पोरांचं बरोबर उलटं. मनाच्या आजारासाठी दवाखान्याच्या बाकावर बसायचं म्हणजे गावातलं कुणीतरी बघणार. एक मुलगा, नोकरी सुटलेली, झोप उडालेली, माझ्यासमोर दोनदा येऊन "ॲसिडिटी होते" एवढंच सांगून गेला. तिसऱ्यांदा त्यानं शेताच्या बांधावरून, आंब्याखाली बसून व्हिडिओ कॉल केला आणि चाळीस मिनिटं बोलला. त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिलं, तेही व्हिडिओवरच. अशा मुलांना मी टेली-मानसचा 14416 हा नंबरही लिहून देते; ऑक्टोबर 2022 पासूनची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. त्या मुलाचा एकांत बांधावर होता, मावशींचा माझ्या बंद दारामागे. व्हिडिओ बरा की प्रत्यक्ष, हे माणसं यावरच ठरवतात असं मला दिसतं. नेटवर्क, वय, शिक्षण यांचा भाग आहेच, पण तो मी समजत होते त्यापेक्षा कमी.

व्हिडिओनं मला दिलेलं आणखी एक देणं म्हणजे पेशंटचं घर. एका काकूंच्या पायाला सूज होती. दोनदा दवाखान्यात आल्या, दोन्ही वेळा गोळ्यांची पिशवी घरी विसरल्या. हृदय, किडनी, सगळ्या तपासण्या ठीक. शेवटी मुलाला म्हटलं, फोन घेऊन स्वयंपाकघरात जा आणि आई गोळ्या ठेवते तो डबा उघडून दाखव. बिस्किटांच्या जुन्या डब्यात प्रेशरच्या गोळीच्या, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या. एक माझी, एक आधीच्या डॉक्टरांची. नावं वेगळी, औषध एकच, काकू दोन्ही घेत होत्या. दुप्पट डोसानं पाय सुजत होते. एक बंद केली आणि पंधरा दिवसांत सूज उतरली. हे माझ्या टेबलाशी बसून मला कधीच सापडलं नसतं. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जीपमध्ये आडवं घालून आणायचं आणि मी प्रेशरची अर्धी गोळी कमी करायची, हे तर निष्ठुरपणाचं आहे. तिथे मी स्वतःहून व्हिडिओ सुचवते.

फीबद्दल थोडंसं. "हात न लावता फी कसली?" असं लोक मोकळेपणानं विचारतात. नियमानं घेता येते, मी घेते, कारण रिपोर्ट वाचायला तेवढाच वेळ लागतो.

मला स्वतःला सगळ्यांत पटलेली पद्धत सरकारी ई-संजीवनीतली आहे. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटशेजारी बसतात, प्रेशर घेतात, पाय दाबून बघतात, आणि मोठ्या ठिकाणचा डॉक्टर पडद्यावर असतो. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरात ई-संजीवनीवर एकूण दहा कोटींवर सल्ले दिले गेले होते, सगळे मोफत. पडद्याच्या अलीकडे एक शिकलेला हात आहे, हे पेशंटला दिसतं. डोंगरातल्या वाड्यांवर तसा हात रोज पोचावा म्हणून रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, हे मी जमेल तिथे बोलत असते.

तर तुमच्या आईंचं. पहिल्यांदा प्रत्यक्ष घेऊन या, रविवारी आलात तरी मी आहे. येताना घरातला गोळ्यांचा डबा जसाच्या तसा आणा, त्यातलं काही निवडू नका. त्यांचे पाय बघेन, पोट बघेन, मग पुढचे दोन महिने व्हिडिओ आणि तिसऱ्या महिन्याला पुन्हा इथे. व्हिडिओच्या दिवशी फोन त्यांच्या हातात द्या, दार लोटून घ्या आणि दहा मिनिटं अंगणात जा. आणि दवाखान्यात आलात की त्यांना एकटीला आत पाठवा. तुम्हाला काय सांगायचं ते मी नंतर बाहेर येऊन सांगेन. त्यांनी सांगू दिलं तेवढं.